भिलानानांच्या पथारीवरचं नाटक

खून झाला तेव्हा सगळं कोळंबे गाव पत्ते खेळत होतं आणि कोणी काही पाहिलं नाही. रतनशेठच्या खुनाची हकीकत विचाराल तर एवढीच. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण होता. आता खान्देशात आखाजीला पत्ते कुटले तर कोणी नावं ठेवत नाही, उलट जो खेळत नाही त्याच्याकडेच लोक वाकड्या नजरेने बघतात. जिकडे तिकडे डाव मांडलेले, आरडाओरडा चाललेला, आणि हाकेच्या अंतरावर रतनशेठ मिरचीच्या ढिगात तोंड खुपसून मेलेला. कोर्टात साक्षीदार उभे राहिले आणि एकेकाने तोच पाढा म्हटला, आम्ही पत्त्यांत होतो साहेब. आरोपी सुटला. पुढे तोही म्हातारा होऊन आपल्या मरणाने मेला, आणि गावाने हात झटकले.

पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या एका पाढ्यावर दीपमालाने आख्खं नाटक उभं केलं होतं. पुण्यात नाटक शिकून, तिथल्या गार नाट्यगृहांत दुसऱ्यांचे दिवे लावून ती कंटाळली आणि दोन मित्रांना घेऊन गावाकडे परत आली. नाटकही असलं की लोक म्हणाले, पोरगी पुण्यात जाऊन बिघडली. पडदा नाही, खुर्च्या नाहीत. बघणाऱ्यांनीच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, आणि तेसुद्धा नुसते बघे म्हणून नाही. गावाने त्याला नाव दिलं फिरतं नाटक, आणि तेच पुढे पोस्टरवर छापलं गेलं.

पहिल्या शेडमध्ये लोकांना गोल बसवून पत्ते वाटायचे. डाव रंगात आला की भिंतीपलीकडून झटापटीचा आवाज यायचा, मग घुसमटलेली हाक, मग काहीच नाही. आजवरच्या एकाही प्रयोगात कोणी उठलं नव्हतं. माना वर व्हायच्या, एखादा म्हणायचा ‘चालू दे, नाटक शे’, आणि हुकूम कोणाचा यावर पुन्हा भांडण. दुसऱ्या खोलीत शेठच्या घरची आखाजी. तिसऱ्या खोलीत फौजदार एकेकाला समोर बसवून विचारायचा, तुम्ही कुठे होता? आणि पैज लावा, दर प्रयोगाला लोक हसत हसत तेच सांगायचे, पत्त्यांत होतो साहेब. हे असं होणार हे दीपमालाला ठाऊक होतं, तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

जागा होती भिलानानांची. नंदुरबारकडून शहाद्याच्या रस्त्याला लागलं की गावाच्या अलीकडे त्यांची पथारी, म्हणजे मिरची वाळवायचं भलंमोठं अंगण आणि कडेला पत्र्याची तीन शेडं. हंगामात तिथे नजर जाईल तिथवर लाल मिरची पसरलेली असते. हल्ली आखाजीपर्यंत सगळा माल जातो, पण मिरची काही जागा सोडत नाही. भिंतीत, फरशीच्या फटीत, पोत्यांच्या शिवणीत तिचा बुका बसलेला असतो. जरा झाडू फिरवला की घसा धरलाच. तालमीत शेठ आणि हवालदार दोन्ही करणारा भूपेश शिंकून शिंकून बेजार व्हायचा आणि भिलानाना म्हणायचे, ‘शेठ मरना तवयपासून हाई शेड असंच शे. कोणलेच अठे बोलू देत नही.’ हसत म्हणायचे, पण संध्याकाळी त्या शेडात ते स्वतः एकटे कधी थांबत नसत.

आता खरी गोष्ट सांगायची तर दीपमालाला रतनशेठशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती तिची आई.

दीपमाला कडेवरची होती तेव्हा तिची आई जमनाबाई गेली. तीही आखाजीलाच. लेकी-सुना माहेरी जायचा सण तो. जमनाबाई पिंपळनेरकडे माहेरी म्हणून एसटीत बसली, विसरवाडीच्या फाट्यावर गाडी बदलायला उतरली, आणि तिथून एका ट्रकवाल्याबरोबर सुरतेला पळाली. हे दीपमालाने इतक्यांदा ऐकलं होतं की तो फाटा, तो ट्रक, ट्रकच्या मागचा काळा गोंडा, सगळं तिने डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटायचं. वडील हेमकांत कधी एका शब्दाने बोलले नाहीत. सांगायची ती फुई. प्रमिलाबाई, वडिलांची थोरली बहीण, लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनेच दीपमालाला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. फुई सांगायची आणि लगेच चुलीकडे तोंड फिरवायची. पोरीला वाटायचं, फुईला वहिनीची लाज वाटते.

शाळेत मुली भांडल्या की म्हणायच्या, ‘तुन्ही माय ट्रकवर गयी.’ दीपमाला तेव्हा रडायची. मोठी झाल्यावर रडायचं सोडलं आणि विसरवाडीहून जाताना खिडकीशी बसायला लागली. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी उभी असलेली पन्नाशीची प्रत्येक बाई ती निरखून बघायची. पळून गेलेल्या माणसाला परत यायला तोंड लागतं, आणि ते तोंड आपणच द्यायला हवं, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणून नाटकाच्या पोस्टरवर तिने बापाचं नाव टाकलं नाही. ठळक अक्षरांत छापलं, दिग्दर्शन: दीपमाला जमना. सुरतेतल्या खान्देशी लोकांच्या ग्रुपांवर ते फिरवलं. तिथल्या उधना, लिंबायत वस्त्यांत ओळखीच्यांकडून चिकटवलं. आई जिवंत असेल तर कधीतरी हे बघेल. मग येईल, मागे उभी राहील, तोंडावर पदर घेऊन का होईना पण येईल. आणि आली की दीपमाला तिला एकच विचारणार होती, मला का टाकून गेलीस?

पोस्टर गावात लागलं आणि दुसऱ्याच दिवशी देवळाजवळचं फाटलेलं सापडलं. सगळं नाही, फक्त ‘जमना’ तेवढं ओरबाडून काढलेलं.

हेमकांत पपईच्या बागेतून घरी आले, हातपाय धुतले, आणि पहिल्यांदाच लेकीच्या नाटकाबद्दल बोलले. ‘जुनं कसाले उकरी ऱ्हायनी?’

‘रतनशेठला जाऊन पन्नास वर्षं झाली, आबा. कोणाचं काय जातंय?’

‘गावनं जास.’ ते जेवायला बसले. आवाज चढला नव्हता, ते कधी चढवत नसत. गावात त्यांच्यासमोर मोठ्याने कोणी बोलत नसे आणि त्यांना कधी मोठ्याने बोलावं लागत नसे. ‘आनी ते नाव काढी टाक.’

‘आईचं नाव आहे ते.’

वाढता वाढता फुईच्या हातातली पळी थांबली. हेमकांतांनी बहिणीकडे नुसतं एकदा बघितलं आणि फुईने भाजी वाढली. दीपमालाला तेव्हा वाटलं, बायको पळून गेलेल्या माणसाचा मान दुखावला, दुसरं काय! तिला थोडं वाईटही वाटलं. नाव मात्र तिने काढलं नाही.

आखाजीच्या दिवशी भिलानानांनी हट्ट धरला की संध्याकाळचा प्रयोग फक्त गावासाठी. शहरातले येऊन बघून गेले आणि ज्यांची गोष्ट त्यांनीच बघायची नाही, ही कुठली रीत? दीपमालालाही तेच हवं होतं. कॉलेजची पोरं टिंगल फार करायची. मागच्याच आठवड्यात आगारीच्या वेळी एकाने सगळ्यांना हसवलं होतं.

आगारी म्हणजे आखाजीला पितरांना घातलेला घास. गोवरीचे निखारे करायचे, वर तूप सोडायचं, आमरस-पोळीचा घास टाकायचा आणि आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. धूर वर गेला की पितर जेवले. नाटकाच्या दुसऱ्या खोलीत शेठची सून हे करायची आणि ताट लोकांपुढे फिरवायची, आपापल्या माणसांची नावं घ्या म्हणून. ही सून करायची एस्तेर. चिंचपाड्याची, गावितांची मुलगी, घरात बायबल वाचत वाढलेली. तिने आगारी आयुष्यात पाहिली नव्हती, म्हणून कदाचित ती इतक्या निगुतीने करायची. तर त्या कॉलेजच्या पोराने घास टाकताना आपल्या चालत्याबोलत्या प्राचार्यांचं नाव घेतलं. पोरं खदखदली. तेवढ्यात मागून एका म्हातारीने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की हसू जागच्या जागी विरलं.

‘जितं मानूस शे ते! जित्ता मानूसले आगारी टाकतस का रे मुडद्या? आपला हातवरी मारस का तेले?’

एस्तेरने नंतर विचारलं, ‘एवढं वाईट असतं का ते?’ दीपमाला म्हणाली, ‘घरात कोणी तुझ्या नावाने टाकली तर समज तू मेलीस. चुकूनसुद्धा कोणी करत नाही.’

आखाजीला उन्हं कलली आणि गाव पथारीवर जमायला लागलं. नवी लुगडी, नवे सदरे, दुपारच्या आमरसाने जड झालेले डोळे. वारा पडला होता. पत्रे तापून अधूनमधून कडकड वाजत होते. दीपमाला फौजदाराच्या खाकीत दाराआड उभी राहून प्रत्येक बाई निरखत होती, सवयीने. अनोळखी कोणी नव्हती. सगळ्यांत शेवटी हेमकांतांची गाडी आली. ते येतील असं तिला वाटलंच नव्हतं. आले, लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, मागोमाग फुई उतरली. दीपमालाचा ऊर भरून आला. तिला वाटलं, आबांनी राग गिळला.

पत्त्यांचा डाव नेहमीपेक्षा रंगला, कारण हे लोक दुपारपासून तेच करत होते. भिंतीपलीकडे भूपेश घुसमटून ओरडला. शहरातल्या लोकांच्या माना तरी वर व्हायच्या, यांच्या त्याही झाल्या नाहीत. सगळे हातातल्या पानांकडे बघत राहिले आणि कोणी ‘चालू दे’ म्हटलं नाही. एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, ‘असाच आवाज व्हता,’ आणि शेजारणीने तिच्या मांडीला चिमटा काढला. दीपमालाने ते ऐकलं. रतनशेठ मेला तेव्हा ही बाई जन्मलीही नसेल, मग हिने कुठला आवाज ऐकला? प्रयोगाच्या गडबडीत तिने ते बाजूला ठेवलं.

दुसऱ्या खोलीत एस्तेर निखाऱ्यांपुढे बसली होती. गोवरीच्या धुरात जमिनीतला मिरचीचा बुका मिसळला आणि लोक खोकू लागले. एस्तेरने ताट पुढे केलं. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ‘दुपारले जेवी गयात ना पितर,’ एक म्हणाली.

‘भुक्याले कसाना मुहूर्त?’ भिलानानांनी पहिला घास उचलला. ‘टाका, टाका. एक घास जास्त.’

मग सगळेच टाकू लागले. नाटक कुठल्या कुठे गेलं. खरे निखारे, खरं तूप, हात आपोआप पुढे व्हायला लागले आणि तोंडातल्या तोंडात नावं. कोणाचा बाप, कोणाचा साप चावलेला भाऊ, कोणाचं मागच्या वर्षीचं लेकरू. ताट फुईपुढे आलं. फुईने पदर डोक्यावर ओढला आणि डोळे मिटले. पहिला घास वडिलांना, दुसरा आईला. तिसऱ्याला नाव घेतलं नाही, नवऱ्याचं नाव कसं घेणार, नुसतं म्हणाली, ‘त्यासले.’ मग चौथा घास घेतला, त्यावर बोटाने थोडं जास्तीचं तूप लावलं आणि निखाऱ्यावर ठेवला.

‘जमनाले. खाई ले वं माय. भूकी नको ऱ्हाऊ.’

हे ती काही पहिल्यांदा म्हणत नव्हती. इतक्या सवयीने, इतक्या मायेने म्हणाली की कानावर पडूनही दीपमालाला क्षणभर ते नीटच वाटलं. मग तिला आठवलं. दर आखाजीला, पानं वाढायच्या आधी, फुई तिला झोक्यावर पाठवायची. जा बेटा, पोरी वाट बघताहेत. दर वर्षी, न चुकता. आणि घरी मागे चुलीपाशी हे चालायचं.

फुईने डोळे उघडले. आपण काय बोललो ते तिला समोरच्या एस्तेरच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने दचकून भावाकडे बघितलं. हेमकांत बहिणीकडे बघत होते, पळी थांबली होती त्या दिवशी बघितलं तसंच. आणि खोलीत कोणी खोकतसुद्धा नव्हतं.

नाटकाप्रमाणे आता सगळ्यांनी तिसऱ्या शेडमध्ये जायचं होतं. लोक गेलेही, गुपचूप, मेंढरांसारखे. एस्तेरने दीपमालाचा दंड धरला. ‘थांबवू या का? बरं नाही वाटत म्हणून सांगते मी.’ दीपमालाला पळावंसं वाटत होतं. आई मेली आहे. सुरतेत नाही, ट्रकमध्ये नाही, ती येणार नाही, कधीच येणार नव्हती. आणि तरी रडू येत नव्हतं, कारण रडण्याच्या आधी राग आला होता. ती म्हणाली, ‘नाही. चौकशी व्हायची आहे अजून.’

तिसऱ्या शेडात एक टेबल, एक स्टूल आणि वर लोंबणारा पिवळा दिवा. रोज ती प्रेक्षकांतला कोणीही उचलायची. आज तिने नाव घेतलं. ‘हेमकांत पाटील. या.’

थोडी कुजबुज झाली. बापाला लेकीने स्टुलावर बसवलं याची काहींना मजाही वाटली. हेमकांत शांतपणे येऊन बसले. नाटकात रस घेणाऱ्या पाहुण्यासारखे.

‘आखाजीच्या दिवशी तुम्ही कुठे होता?’

‘पत्तासमा व्हतू, साहेब.’

लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले. दीपमालाने हसणं संपू दिलं.

‘कोणत्या आखाजीला विचारतेय, ते तुम्ही विचारलं नाहीत. जमनाबाई गेली त्या आखाजीला, कुठे होता?’

हेमकांतांनी सदऱ्याची बाही नीट केली. ‘पत्तासमाच.’ मग लेकीकडे झुकून अगदी हळू, पण शेडात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘व्हयनं तुन्हं नाटक? घर चाल आते.’

हा आवाज दीपमालाने जन्मभर ऐकला होता आणि त्याला ती दुःख समजत आली होती. ती वळली. ‘फुई, जिवंत माणसाच्या नावाने आगारी टाकतात का गं?’

फुई भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंडात पदर कोंबला.

‘नाही ना टाकत? मग माझी आई मेली हे तुला कधीपासून माहीत आहे?’

‘प्रमिला,’ हेमकांत म्हणाले, ‘गाडीमा बठ.’

फुईचं पाऊल हललं. हललंच, एवढ्या वर्षांची सवय ती. मग ती तिथेच मटकन खाली बसली. दीपमालाने लोकांकडे बघितलं. हे सगळे चेहरे तिच्या ओळखीचे होते. यांच्या घरी ती खेळली होती, यांच्या पोरींबरोबर झोक्यावर बसली होती, यांच्याच पोरींनी तिला ट्रकवरून चिडवलं होतं. आणि पत्त्याच्या डावातली ती चिमट्याची गोष्ट तिला आता उमगली, तो आवाज जमनाबाईचा होता.

‘आणखी कोण टाकतं?’ तिने विचारलं. ‘माझ्या आईच्या नावाने अजून कोणाकोणाच्या घरी आगारी पडते? सांगा ना! मला चिडवायला तोंड होतं तुम्हाला.’

मिरचीचा बुका दिव्याच्या उजेडात तरंगत होता. मग ती डावातली बाई, जिला चिमटा बसला होता, ती म्हणाली, ‘मीबी टाकस. मन्ही सासू टाके. ती गयी, आते मी टाकस.’

‘आम्हीबी,’ मागून कोणीतरी म्हणालं.

‘आम्हना घरबी.’

‘वाटेवरली बाई व्हती, उपाशी गयी. भ्याव वाटे माय.’

एकेक करत बायका बोलत गेल्या. पुरुष जमिनीकडे बघत होते. गल्लीच्या गल्ली दर आखाजीला जमनाबाईला गुपचूप जेवू घालत होती आणि दिवसाउजेडी तिला सुरतेला पळवत होती. झाकली मूठ म्हणे सव्वा लाखाची! त्या मुठीत एक बाई होती आणि एक लेक होती, त्याचं काय?

हेमकांत उठले. ‘बाया गांजा पी येल शेतस,’ असं काहीसं म्हणून दाराकडे निघाले. दाराशी भूपेश उभा होता, हवालदाराच्या भाड्याच्या कपड्यांत, गळ्याला शेठचा खोटा वळ तसाच. त्याने दार लावून घेतलं.

‘सरक रे, नाटक्या.’

भूपेश घाबरला होता, तो सरकलाही असता. पण भिलानाना पुढे आले. हेमकांतांच्या जोडीचा माणूस, आयुष्यभर त्यांच्या शेजारी बसून पत्ते खेळलेला. त्यांची मान आजवर हेमकांतांपुढे हलली होती ती होकारासाठीच.

‘तू पत्तासमा नव्हता, हेमकांत,’ ते म्हणाले. ‘मी वाटेल व्हतात पत्ता. तुन्हा पत्ता तशाच पडेल ऱ्हायनात. तू तिसरा डावले उना, अंग धोईसन.’

‘तवय नही बोलना.’

‘नही बोलनू,’ भिलानाना म्हणाले. त्यांनी दाराला पाठ लावली. ‘नही बोलनू रे. दार ऱ्हाऊ दे लावेल.’

एस्तेर कोपऱ्यात फोन कानाला लावून पोलिसांना रस्ता सांगत होती, पहिल्यांदा त्यांनाही हे नाटकच वाटलं असावं, कारण ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘नाही साहेब, खरं आहे, खरं.’ हेमकांत पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसले. त्यांच्या आजूबाजूचे लोक उठून पलीकडे गेले. त्या मोठ्या शेडात तो एवढा मोठा माणूस एकटा उरला.

दीपमालाने तिकडे बघितलंही नाही. ती फुईसमोर उकिडवी बसली. कुठे पुरली, कसं मारलं, हे आता पोलीस विचारतील, विचारत राहतील. तिला स्वतःला विचारायचं होतं ते वेगळंच होतं. ते आईला विचारायचं होतं, पण आता फुईशिवाय कोणी उरलं नव्हतं.

‘फुई, ती मला टाकून चालली होती का गं?’

फुई नकारार्थी मान हलवत राहिली.

‘तू तिन्हा कडवर व्हती,’ ती म्हणाली. ‘तुले लिसनच निंघेल व्हती ती, कायमनी. मार खाई खाई कटाळी गयथी. मी एसटीना थांबावर गवू मांगे. भाऊनी सांगेल व्हतं, तिले जाऊ दे पन पोर देवानी नही. गाडी उभी व्हती. मी तुले वढी लिधं तिन्हा हातमाईन आनी पळत सुटनू घरकडे.’

‘मग?’

‘ती गाडीमा चढी गयथी वं. कंडक्टरनी घंटी मारी दिधी व्हती. गयी असती ती, वाची असती.’ फुईने दीपमालाचे दोन्ही हात घट्ट धरले होते. ‘पन तू रडी ऱ्हायंती. तुन्हं रडनं तिले आयकू उनं. चालती गाडीमाईन उतरनी आनी मन्हा मांगे घरमा उनी.’

शेडात कोणी तरी हुंदका दिला. दूर रस्त्यावर एक गाडी वळून पथारीत शिरत होती, तिचे दिवे पत्र्याच्या फटींतून आत आले.

दीपमालाने आपले हात फुईच्या हातांतून सोडवून घेतले.